जामखेडचे डॉक्टर मागे सरकले, त्याची गोष्ट

नगर जिल्ह्यात मिशनचे काम १८३१ पासूनचे. त्या कामात शब्द कुणाचा चालायचा, हा वादही जुनाच. १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशन सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, तेव्हा मुद्दा हाच होता: इथल्या ख्रिस्ती माणसाने आणखी किती दिवस परक्याच्या हाताखाली राहायचे? पुढे साहेब गेले, साहेबी मात्र राहिली. दवाखान्यात तिने डॉक्टरांच्या खुर्चीत बस्तान मांडले.

डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. पत्नी डॉ. मेबल याही तिथल्याच. साठच्या दशकात दोघांनी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केले. रुग्णांची रीघ लागे, नाव झाले. पण बरी होऊन गेलेली माणसे तीच दुखणी घेऊन परत येत, कारण दुखण्याचे मूळ होते गावातल्या पाण्यात, उपासमारीत, बायकांच्या हालात. दोघे अमेरिकेला गेले, सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले आणि १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्याच जामखेडला बसले. हा तालुका तेव्हाही कायम दुष्काळी.

सुरुवात चालू रिवाजाप्रमाणेच झाली. शिकलेल्या परिचारिका गावोगावी ठेवल्या. ते जमले नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलीवर गावाचा विश्वास बसेना, मुलीही तिथे रुळेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असे ठरले. ग्राम आरोग्य सेविका म्हणून आलेल्या या बायका बहुतेक निरक्षर होत्या, त्यात दलितही पुष्कळ. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एका पंगतीत जेवत आणि शिकत: बाळंतपण, जुलाब झालेल्या पोराला द्यायचे मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाच्या खुणा.

खरी अडचण इथे होती. डॉक्टरकीचा रुबाब उभा असतो तो, जे मला येते ते तुला येत नाही, यावर. परिचारिकेने सेविकेला शिकवायचे म्हणजे स्वतःच्या हातची किल्ली तिच्या हाती द्यायची. ‘सगळ्यांना समान माना’ असे प्रवचन देऊन हे होत नाही. जामखेडला ते कामाच्या मांडणीतून झाले. फिरते पथक गावात गेले की गावची माहिती सांगायची सेविकेने, डॉक्टरांनी ऐकायची. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. तिथे चर्चा बियाण्याची, पाण्याची, कर्जाचीही होई, आणि त्या विषयात डॉक्टर अडाणीच. आपल्याला जे येत नाही त्या कामात माणसांसोबत उतरणे, याइतका उतारा पदाच्या ताठ्यावर दुसरा नसावा.

तरी हे दांपत्य मवाळ होते, असा समज कुणी करून घेऊ नये. दुष्काळात विंधनविहिरी घेतल्या, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील अशी खटपट आरोळ्यांनी केली. पाणी हवे तर सवर्णांनी त्या वस्तीत यायचे. हे गावाच्या बैठकीत हात वर करून ठरवायला घेतले असते, तर कधीच झाले नसते, असे मला वाटते. म्हणजे ज्यांनी अधिकार वाटायचा ठरवला, त्यांना काही ठिकाणी तो पुरता वापरावा लागला. आणि एक: ‘डॉक्टर मागे सरकले’ हे सांगणारेही बहुधा डॉक्टरच असतात. त्यामुळे मी आकड्यांकडे आणि सेविकांकडे बघतो.

आरोळ्यांच्या या आरोग्य प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात हे प्रमाण तिशीच्या खाली आले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पुस्तकात जामखेडवर प्रकरण आले, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला मोठे वाटते ते १९८८ चे. वॉशिंग्टनला जागतिक आरोग्यावरच्या परिषदेत मुक्ताबाई पोळ या सेविका बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की डॉक्टर असे असतात, देखणे पण महाग आणि हाती न लागणारे. मग सेविका कशा असतात हे सांगायला त्यांनी सोबत आणलेला दिवा पेटवला आणि त्यावर दुसरा लावून दाखवला. डॉक्टरांविषयी हे त्या परक्या देशात, बड्या लोकांसमोर, जामखेडच्या प्रतिनिधी म्हणून बोलल्या. प्रमुखाला दुखेल असे बोलायची मुभा सहकाऱ्यांना आहे का, ही कसोटी मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा खरी वाटते.

१९९९ मध्ये मेबल गेल्या, २०११ मध्ये रजनीकांत. पुढची धुरा मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांच्याकडे आली. सेवाकार्याच्या संस्थांत हे नवे नाही, आणि काम पुढे चालू राहिले हे महत्त्वाचेच. तरीही प्रश्न उरतो: पन्नास वर्षे गावोगावच्या बायकांनी आरोग्याचे काम पेलले, तर संस्थेच्या प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत त्यांच्यातली एखादी का पोचू नये? शिक्षण, इंग्रजी, देणगीदारांची भाषा ही कारणे असतील. पण नेमकी हीच कारणे देऊन १९७० च्या आधी त्यांना औषधाच्या पेटीला हात लावू दिला जात नव्हता.