मतदाराचे हित आणि मतदाराचे मत : कॅन्सस राज्याचा अनुभव

निवडणुकीचा निकाल लागला की महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात एक प्रश्न हमखास निघतो. ज्यांच्या धोरणांमुळे वस्तीतील शाळेची दैना झाली, खर्च वाढला, रोजगार गेला, त्यांनाच त्या वस्तीने पुन्हा मते कशी दिली? उत्तरही ठरलेले असते : लोक अडाणी आहेत, विकले जातात, भावनेच्या भरात वाहून जातात. हे उत्तर सोयीचे असले तरी अभ्यासाच्या कसोटीवर टिकणारे नाही. अमेरिकेत या प्रश्नावर गेल्या दोन दशकांत बरेच संशोधन झाले असून त्या चर्चेच्या केंद्रस्थानी कॅन्सस हे राज्य राहिले आहे. प्रस्तुत लेखात त्या राज्याच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

कॅन्ससमध्ये काय घडले?

कॅन्सस हे गव्हाच्या शेतीचे राज्य. १८९० च्या दशकात येथील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी रेल्वे कंपन्या व बँकांविरुद्ध मोठी चळवळ उभारली होती. शंभर वर्षांनंतर हेच राज्य श्रीमंतांवरील कर कमी करू पाहणाऱ्या पक्षाचा बालेकिल्ला कसे झाले, असा प्रश्न कॅन्ससमध्येच वाढलेले लेखक थॉमस फ्रँक यांनी २००४ साली ‘व्हॉट्स द मॅटर विथ कॅन्सस?’ या पुस्तकात विचारला.

पुढे या प्रश्नाला प्रत्यक्ष प्रयोगाचीच जोड मिळाली. २०१० मध्ये निवडून आलेले रिपब्लिकन गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ साली मोठी करकपात केली. आयकराचा सर्वोच्च दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि विशिष्ट प्रकारच्या व्यवसायांचे उत्पन्न राज्याच्या आयकरातून पूर्णपणे वगळले. उद्योग वाढतील, रोजगार येतील व तूट भरून निघेल, असा त्यामागचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षातच महसूल जवळपास ७० कोटी डॉलरने घटला. २०१४ मध्ये राज्याची पत दोन मानांकन संस्थांनी खाली आणली. २०१५ मध्ये काही ठिकाणी पैशाअभावी शाळांचे सत्र मुदतीपूर्वी संपवावे लागले. त्याच वर्षी विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के झाला आणि हा कर किराणा मालावरही लागू होता. म्हणजे वरच्यांना दिलेली सवलत खालच्यांच्या पिशवीतून वसूल होऊ लागली.

असे असूनही नोव्हेंबर २०१४ मध्ये, महसुलातील घट व पतघसरण जाहीर झाल्यानंतर, ब्राउनबॅक सुमारे चार टक्क्यांच्या फरकाने पुन्हा निवडून आले.

चार कारणे

पहिले कारण असे की मत एक असते व प्रश्न अनेक असतात. कर, शाळा, धर्म, गर्भपात, बंदुका या सर्वांवरचा निर्णय मतदाराला एकाच शिक्क्यात द्यावा लागतो. १९९१ साली विचिटा शहरात गर्भपाताविरुद्ध झालेले प्रचंड आंदोलन आणि १९९९ साली शालेय अभ्यासक्रमातील उत्क्रांतिवादावरून उठलेला वाद यांमुळे तेथील राजकारणाचा रोख अर्थकारणाकडून श्रद्धेकडे वळला, असे फ्रँक यांचे प्रतिपादन आहे. याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घ्यावा काय, एवढाच प्रश्न कॅन्ससच्या मतदारांपुढे स्वतंत्रपणे ठेवण्यात आला. तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. ज्या राज्याने २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना स्पष्ट बहुमत दिले होते, त्याच राज्याचा हा कौल होता. म्हणून पक्षाला दिलेले मत म्हणजे त्याच्या प्रत्येक धोरणाला दिलेली संमती, असे समजणे चुकीचे ठरते.

दुसरे कारण म्हणजे धोरण आणि परिणाम यांतील दुवा दिसत नाही. करकायद्याचा परिणाम उशिरा आणि अप्रत्यक्षपणे होतो. इतकेच नव्हे, तर सरकारकडून मिळणारा लाभही अनेकांना लाभ म्हणून ओळखता येत नाही. राज्यशास्त्रज्ञ सुझॅन मेटलर यांनी २००८ च्या एका सर्वेक्षणाच्या आधारे दाखवले की, गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी आपण कोणत्याही सरकारी योजनेचा लाभ घेतलेला नाही, असे सांगितले होते. जो लाभ दिसतच नाही, त्यावर गदा आली तरी मतदार सावध होणार कसा?

तिसरे कारण इज्जतीचे आहे. उर्दूतील ‘मफाद’ आणि मराठीत रुळलेला ‘फायदा’ हे एकाच अरबी धातूपासून आलेले शब्द. परंतु माणसाचे हित केवळ फायद्याने मोजता येत नाही. अमेरिकेतील गरीब गोऱ्या मजुरांना कमी मजुरीच्या जोडीला गोरेपणाचा सामाजिक मान ही जणू दुसरी मजुरी मिळत होती, हे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्येच मांडले होते. कॅथरीन क्रेमर यांनी २००७ पासून विस्कॉन्सिन राज्यातील खेडोपाडी जाऊन लोकांच्या गप्पा ऐकल्या आणि २०१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आपला पैसा शहरे नेतात, आपल्या कष्टाची कोणी कदर करत नाही, ही भावना त्यांना जागोजागी आढळली. शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे असे की, या रोषाच्या रोखावर सरकारी पगार व निवृत्तिवेतन घेणारे कर्मचारी होते आणि त्यांत शाळाशिक्षकही होते. २०११ मध्ये त्या राज्यात सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे वाटाघाटीचे अधिकार कापले गेले, तेव्हा या भावनेचा आधार सत्ताधाऱ्यांना मिळाला.

चौथे कारण खरे पाहता एक आक्षेप आहे. लॅरी बार्टेल्स यांनी निवडणुकांची आकडेवारी तपासून दाखवले की, दक्षिणेकडील राज्ये वगळता अल्प उत्पन्नाच्या गोऱ्या मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडे मोठ्या प्रमाणात पाठ फिरवलीच नव्हती. शिवाय सर्वांत गरीब लोक मतदानालाच कमी येतात. तेव्हा ज्यांचे नुकसान झाले आणि ज्यांनी मत दिले, ते बऱ्याचदा एकच लोक नसतात.

पुढे काय झाले?

शाळांची अवस्था डोळ्यांपुढे आली तसा कॅन्ससचा कौल बदलू लागला. २०१६ च्या पक्षांतर्गत निवडणुकांत ब्राउनबॅक यांचे अनेक समर्थक मवाळ रिपब्लिकनांकडून हरले. जून २०१७ मध्ये विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून करकपातीचा मोठा भाग रद्द केला. २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या लॉरा केली निवडून आल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून किराण्यावरील राज्याचा विक्रीकर शून्यावर आला. म्हणजे मतदार शिकतो. परंतु परिणाम दिसल्यावर आणि पर्याय विश्वासाचा वाटल्यावर.

आपल्याकडील अर्थ

हा अनुभव केवळ परदेशचा नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर बेळगाव भागातील मराठी मतदारांनी कित्येक दशके महाराष्ट्र एकीकरण समितीला मते दिली. सत्तेत वाटा मिळणार नाही व विकासकामे अडतील, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. भाषा हेच त्यांनी हित मानले. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत समितीला एकही जागा मिळाली नाही, हा पुढचा बदलही त्याच मतदारांनी घडवला. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम समाजाचे प्रश्न ओळख, सुरक्षा आणि समता अशा तीन गटांत मांडले आहेत. सुरक्षेची धास्ती असलेला मतदार शाळा आणि कर्ज यांचा हिशेब मागे ठेवतो. मग जो उमेदवार फक्त भीती कमी करण्याचे आश्वासन देतो, त्याला शाळेबद्दल जाब द्यावा लागत नाही. यात मतदाराचा अडाणीपणा नाही, पण त्याचे नुकसान मात्र खरे आहे.

राज्यशास्त्राचा वा भाषेचा तास घेणाऱ्या शिक्षकाला येथे काम आहे. एखाद्या वस्तीच्या मतदानावर चर्चा करताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारता येतील. नुकसान कोणाचे झाले आणि मत कोणी दिले? नुकसानीचे कारण त्यांना कोठून व कोणत्या भाषेत कळले असते? आणि त्या मतातून त्यांनी काय राखले? विद्यार्थ्यांच्या घरातील वडीलधारी माणसेही मतदार असतात. त्यांना अडाणी ठरवणारा शिक्षक तो वर्ग गमावतो. त्यांच्या मताचा हिशेब समजून घेणाऱ्या शिक्षकाला करकायदा आणि शाळेचे गळके छप्पर यांतील दुवा दाखवण्याची संधी मिळते.