जैवइंधनांचे अर्थकारण (४) : बायोडिझेलवरील करसवलत

भारतात करसवलत आहे ती बायोडिझेलला. नुसत्या वनस्पतितेलावर गाडी चालवली तर काही मिळत नाही. याचे कारण इंजिनात आहे. शेंगदाण्याचे किंवा करंजाचे तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असते. ते तसेच घातले तर फवारा नीट उडत नाही आणि नोझलवर काजळी धरते. म्हणून त्याची मेथॅनॉलबरोबर अभिक्रिया घडवून एस्टर बनवतात. शंभर किलो तेलात साधारण दहा-अकरा किलो मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घातला, की शंभरेक किलो बायोडिझेल वर राहते आणि दहाएक किलो ग्लिसरीन तळाशी बसते. आयएस १५६०७ हे भारतीय मानक याच एस्टरसाठी आहे.

कराचा खरा गुंता मिश्रणापाशी सुरू होतो. डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. बायोडिझेल मात्र २०१७पासून जीएसटीत आहे. दोन्ही एकत्र केली की तयार झालेल्या मालावर पुन्हा उत्पादन शुल्क लागण्याचा प्रश्न येतो. तो टाळण्यासाठी २० टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असलेल्या डिझेलला या शुल्कातून सूट आहे. अट एवढीच, की डिझेलवरचे शुल्क आणि बायोडिझेलवरचा जीएसटी आधी भरलेला असावा. या सुटीचा फारसा गाजावाजा होत नाही, पण बाकीचा डोलारा हिच्यावरच उभा आहे.

जीएसटीचा दर आधी १८ टक्के होता. जानेवारी २०१८मध्ये तो १२ टक्के झाला आणि १ ऑक्टोबर २०२१पासून तेल कंपन्यांना मिश्रणासाठी दिल्या जाणाऱ्या बायोडिझेलवर ५ टक्के. डिझेलच जीएसटीबाहेर असल्याने कंपनीला या कराची वजावट मिळत नाही; भरलेला पैसा थेट खर्चात जातो. ५१ रुपये लिटर हा मूळ भाव धरला तर १२ टक्क्यांनी ६ रुपये १२ पैसे कर होतो, ५ टक्क्यांनी २ रुपये ५५ पैसे. इंधनाच्या धंद्यात लिटरमागे साडेतीन रुपये ही मोठी रक्कम आहे.

हा ५१ रुपयांचा भाव २०१९मध्ये तेल कंपन्यांनी वापरलेल्या खाद्यतेलापासूनच्या बायोडिझेलसाठी देऊ केला होता. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, त्यामुळे ताजे तेल जाळायला प्रोत्साहन देणे परवडणारे नाही. २००९च्या जैवइंधन धोरणाने म्हणूनच मोगली एरंडासारख्या अखाद्य तेलबियांवर भर दिला आणि बायोडिझेलला उत्पादन शुल्कातून सूट ठेवली. पण पडीक जमिनीवरची लागवड अपेक्षेइतके बी देईना. मग लक्ष कढईकडे वळले. वडे-भजी तळून तळून तेल काळपट होते, त्यातली ध्रुवीय संयुगे वाढतात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल स्वयंपाकाला वापरायचे नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८पासून आहे. तेच तेल बायोडिझेलला चालते. आरोग्य आणि इंधन दोन्ही साधणारा हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. अडचण आहे ती गावोगावच्या टपऱ्यांवरून तेल गोळा करण्याची.

सवलत काढल्यावर काय होते, हे जर्मनीत दिसले. तिथे शुद्ध बायोडिझेल करमुक्त होते. ऑगस्ट २००६पासून लिटरमागे ९ सेंट कर बसला, पुढे तो वाढत गेला आणि शुद्ध बायोडिझेलचा खप कोसळला.

भारताने सवलतीला दंडाची जोडही देऊ पाहिली. २०२२च्या अर्थसंकल्पात मिश्रण नसलेल्या इंधनावर लिटरमागे २ रुपये जादा उत्पादन शुल्क जाहीर झाले, पण डिझेलच्या बाबतीत त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. २०१८च्या जैवइंधन धोरणातले डिझेलमधील ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३०चे आहे. इथेनॉलने मात्र २०२५मध्येच पेट्रोलमध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला.

विमानांच्या इंधनातही हाच कराचा पेच आहे, कारण तेही जीएसटीबाहेरच आहे. मुळशीतल्या उरवडे येथे संशोधन केंद्र असलेल्या प्राज कंपनीने बनवलेले शाश्वत विमान इंधन मिसळून १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेले. ते इंधन अल्कोहोलपासूनचे होते; वापरलेल्या खाद्यतेलापासूनही असे इंधन बनते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७पासून १ टक्का मिश्रणाचे उद्दिष्ट ठरले आहे, त्यामुळे कढईतल्या त्याच तेलासाठी आता विमान कंपन्याही गिऱ्हाईक होणार आहेत.