फरशीआधी उतार

नहाणीघर नव्यानं करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा टाईल्सच्या रंगाची होते. माझ्या मते पहिला निर्णय सांडपाण्याचा असावा. नळाचं पाणी दाबावर चालतं, पाईप वर-खाली कुठूनही नेता येतो. सांडपाणी मात्र केवळ उतारावर वाहतं. कमोडच्या 110 मिलिमीटर पाईपला मीटरमागे साधारण 1 ते 2 सेंटिमीटर उतार लागतो. म्हणजे कमोड 3 मीटर सरकवला, तर 3 ते 6 सेंटिमीटर खोली हवी, आणि जुन्या स्लॅबवर ती फरशी उचलूनच मिळते. शक्यतो कमोड जुन्या जागीच ठेवावा. कडेगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात अंघोळीचं पाणी मैल्याच्या पाईपात सोडणंही चुकीचं. वेगळी लाईन काढली तर ते परसातल्या झाडांना देता येतं.

"हे प्लंबर बघून घेईल," असं म्हटलं जातं. पण गवंड्यानं फरशी बसवल्यावर आलेला कुशल प्लंबरही उतार निर्माण करू शकत नाही. शॉवरचंही तसंच. टाकी शॉवरच्या 2 मीटर वर असेल, तर दाब जेमतेम 0.2 बार मिळतो. महागडा शॉवर घेऊन तो वाढत नाही, टाकी उंच करावी लागते किंवा पंप बसवावा लागतो. बोअरचं पाणी जड असेल तर गिझरमध्ये क्षार साचतात आणि तो पाणी बंद करून साफ करावा लागतो, म्हणून त्याच्याआधी हाताला येईल असा व्हॉल्व्ह ठेवावा. भिंतीतले पाईप गिलाव्याआधी दाबाखाली तपासून घ्या, आणि बुजवण्यापूर्वी त्यांचे फोटो काढून ठेवा.