दादांचे टेबल नव्या घरात

वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जुनी खोली १६० चौरस फुटांची, नवे घर ५०० चौरस फुटांचे. मुंबईत आज ठिकठिकाणी आपली माणसे चाळीतून, झोपडीतून इमारतीत जात आहेत. चावी हाती आली की घरात पहिला वाद होतो तो जुन्या सामानावरून.

आमच्याही घरी झाला. मुलाने यादी केली. सोफा नवा, पडदे नवे आणि आजोबांचे टेबल भंगारात! हे टेबल काही सागवानी नव्हे. गिरणीत यंत्राचे भाग ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्यांचे दादांनी ते करून घेतले होते. त्यावर आईने भाकऱ्या थापल्या, आम्ही तिघा भावंडांनी आळीपाळीने अभ्यास केला, मी बी.कॉम. झालो. "टाकू नका" म्हणणारी आई एकटीच. मी मध्ये अडकलो.

शेवटी ठरवले, आधी लाकूड तपासू. बारीक भोके असतील आणि त्यातून पिठासारखा भुसा पडत असेल तर घुण लागली समजावे. पेचकस टोचून तो आत शिरला तर लाकूड पोकळ. असे टेबल कितीही जिव्हाळ्याचे असले तरी नव्या घरात नेऊ नये. त्यातली कीड दाराच्या चौकटीला लागते. आमचे टेबल टणक निघाले.

गच्चीवर नेऊन, नाकाला रुमाल बांधून ते घासले. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०. घासताना हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवावा. आडवे घासले तर ओरखडे पॉलिशखालून दिसतात. नंतर रंगाच्या दुकानातून आणलेले जवसाचे तेल दोनदा पातळ लावून पुसले. एक सावधगिरी सांगतो. या तेलाचे फडके चुरगाळून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून, मोकळ्या जागी पसरून वाळवावे. चकचकीत पॉलिश मी मुद्दाम टाळले. त्याने जुने लाकूड सनमायकासारखे दिसते.

नव्या खोलीत पांढऱ्या भिंती, गुळगुळीत लाद्या, राखाडी सोफा. त्यात खडबडीत वस्तू एकच असावी. तीन ठेवल्या की गोदाम होते. खुर्च्याही जुन्या शोधत बसलो नाही. लोखंडी नळीच्या, साध्या बैठकीच्या घेतल्या. खुर्चीची बैठक १८ इंच आणि टेबल ३० इंच असले की गुडघे अडत नाहीत. आमचे टेबल २७ इंचच होते. सुताराने पायांना ३ इंचांचे तुकडे जोडले, खाली रबर बसवले. लादी पुसताना पायांच्या तळातून पाणी वर चढते आणि लाकूड कुजते, म्हणून रबर हवेच. वर पिवळ्या उजेडाचा दिवा लावला. पांढऱ्या ट्यूबखाली ते टेबल मरगळलेले दिसत होते.

हिशेबाची सवय म्हणून सांगतो, नव्या जेवणाच्या टेबलाच्या पाचव्या हिश्शातही हे सारे बसले. (लिफ्टची मापे मात्र आधी घ्या. आम्ही सहा मजले जिन्याने चढवले.)

आता मुलगा त्याच टेबलावर अभ्यास करतो. कोपऱ्यातला इस्त्रीचा काळा डाग आम्ही घासला नाही. तो नक्की कोणी पाडला, यावर आम्हा भावंडांत अजून वाद आहे.