पान्याचे व्याकरण

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली; आता दिवाळीत गावी निघण्यापूर्वी मोटारवाल्या वाचकांनी ती पारखूनही घ्यावीत. मुंबई-गोवा रस्त्यावर, पेणच्या रामवाडीजवळ, रात्री चाक पंक्चर झाले, मुलेबाळे गाडीत आहेत आणि नटच गोल झाला, तर दोष रस्त्याचा नव्हे, पान्याचा!

मी मराठी शिकवतो. समानार्थी शब्द तंतोतंत सारखे नसतात, हा आमचा धडा पान्यांनाही लागू पडतो. जुन्या विलीज जीपची मापे इंचांत, फियाटची मिलिमीटरांत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या बोल्टाला १३ चा पाना बसतो खरा, पण जोर लावताच सटकतो आणि बोल्टाचे कोपरे झिजवतो. उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजू धरतो, रिंगपाना चोहोबाजूंनी. म्हणून घट्ट बसलेल्या बोल्टाला रिंगपानाच हवा. बेअरिंग काढायलाही हातोडा नको, पुलर हवा. घावाने बेअरिंगच निकामी होते.

मग स्क्रूपाना? तो सर्वनामासारखा. कोणाच्याही जागी चालतो. पण सैल जबड्याचा असला, की ऐनवेळी दगा देतो. नेमक्या कामाला नेमके नामच हवे!