ट्रॉली, घाट आणि बॅटरीचा हिशेब

मंडळी, शहाद्याहून तोरणमाळ गाठायचं म्हणजे पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आणि सुमारे १ हजार मीटरची चढण. विजेवरच्या गाडीमागे भरलेली ट्रॉली जोडून तिथे पोहोचता येईल का? आमचा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा मोटारीच्या पोटातलं मेकॅनिकला विचारा. हिशेब मात्र आम्हीही मांडू शकतो.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, वजन किती? आम्ही म्हणू, ते कुठे न्यायचंय आणि किती वेगाने, हेही सांगा. १ टन माल चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर १०० किलोमीटर ओढायचा, तर चाकांच्या घर्षणापायी साधारण ३ युनिट वीज लागते. तोच टन १ हजार मीटर वर चढवायला २.७ युनिट. म्हणजे एकट्या चढणीचा खर्च सपाटीवरच्या जवळजवळ १०० किलोमीटरच्या तोडीचा! गाडीचं आणि माणसांचं वजन वेगळंच. शिवाय मोटारीत थोडी वीज वाया जाते, म्हणून बॅटरीतून याहून जास्त जाते.

आता नंदुरबारची मिरची घ्या. ओली असताना जड, पथारीवर वाळली की हलकी. पण वाळल्या मिरचीची पोती गाडीच्या टपाच्या वर रचली, की वारा अडवतो. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वाऱ्यात १ चौरस मीटरचं सपाट तोंड जादा आलं, तर ताशी ८० च्या वेगाने १०० किलोमीटरला ८ युनिट जास्त जातात. ताशी ४० ने गेलात तर फक्त २. त्यामुळे सपाटीवर हलकी मिरची जड मालापेक्षा महाग पडू शकते. घाटात वेग मुळातच कमी, तिथे वजनच खातं.

डिझेलच्या गाडीवरही हाच भार पडतो, बरं का. फरक साठ्याचा. १ लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते; म्हणजे ४० युनिटांची बॅटरी ही ४ लिटरची टाकी झाली. इंजिन बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि मोटार बहुतेक चाकाला देते, म्हणून ती ४ लिटर पुष्कळ लांब नेतात. पण ट्रॉली जोडली की पल्ला डोळ्यांदेखत घटतो. गाडी ओढायला कमजोर आहे, असा अर्थ मात्र काढू नका. जागेवरून जोर लावण्यात विजेची मोटार पटाईत असते.

समोरून एकाने विचारलं, उतरताना वीज परत मिळते ना? मिळते, पण सगळी नाही. आणि माल वर उतरवून रिकामे आलात तर त्या मालापायी गेलेली वीज वरच राहिली. उलट, धडगावकडचा आमचूर खाली आणणाऱ्याचा यात फायदा आहे. तो रिकामा चढतो, भरून उतरतो. स्वित्झर्लंडमध्ये बील गावाजवळच्या खाणीत एक अवाढव्य विजेचा डंपर असाच भरून उतरतो आणि उतारावर स्वतःला चार्ज करून घेतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. ट्रॉली मागून ढकलते, तिला स्वतःचे ब्रेक हवेत. गाडीच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादा किती दिली आहे, मुळात परवानगी आहे का, तेही बघा. आणि तोरणमाळला मुक्काम करून भरल्या ट्रॉलीने उतरायचं असेल, तर रात्री बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज शिरत नाही, मग सगळा भार नुसत्या ब्रेकवर येतो.