गोवर अंगावर दिसला तरच गोवर?

2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईतल्या गोवंडीत गोवराने मुलं दगावली. भिवंडी आणि मालेगावातही उद्रेक झाला. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यासाठी ही दूरची बातमी नव्हती. दिवाळी उरकली की इथली वारली, कातकरी, ठाकर कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात, पोरंबाळं सोबत नेतात आणि शिमग्याला किंवा पावसाच्या तोंडावर परततात. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. म्हणजे भट्टीवर लागण झालेलं मूल पाड्यावर आल्यावर तापाने फणफणू शकतं.

तिथे पहिला गैरसमज आड येतो: अंग लालभडक झालं तरच गोवर. ही ओळख उजळ कातडीच्या चित्रांवरून घेतलेली आहे. सावळ्या अंगावर लाली सहसा उठून दिसत नाही. कातडी काळपट वाटते आणि हात फिरवला की खरखरीत लागते. म्हणून मुलाला झोपडीतल्या अंधारातून अंगणात आणावं, कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेला पाहावं. पुरळ तिथून सुरू होऊन खाली उतरतं. त्याआधी दोन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे असतात. गालाच्या आत दाढांजवळ मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपकेही कधी दिसतात. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलाला मात्र पुरळ फिकट येतं, कधी उठतच नाही. त्याला जुलाब लागतात, तोंड येतं, धाप लागते. असं मूल निमोनियाचं किंवा हगवणीचं म्हणून नोंदलं जातं आणि गोवर नजरेआड राहतो. कुपोषणाने वर्षानुवर्षं पोखरलेल्या या तालुक्यांत ही चूक महागात पडते.

चित्रावर विसंबण्याचा धोका एका आजारापुरता नाही. एमपॉक्स (मंकीपॉक्स) म्हणजे अंगभर फोड असं पुस्तकात होतं, पण त्याच्या 2022 च्या जागतिक साथीत कित्येकांना एक-दोनच फोड आले. आपल्याकडे गोवराच्या सर्वेक्षणातही चित्रावर विसंबत नाहीत, ताप आणि पुरळ एवढ्यावरही संशयित रुग्ण धरतात. निदान रक्ताच्या तपासणीने होतं, नुसत्या नजरेने नाही.

यावर आक्षेप येतो की प्रत्येक तापाच्या पोराला घेऊन डोंगर उतरायचा तर मजुरी कोण देणार? आक्षेप खरा आहे. पण पहिली खबर पाड्यावरच्या आशाताईला द्यायची आहे, त्यासाठी डोंगर उतरावा लागत नाही. उशीर मात्र परवडत नाही. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुढे चार दिवस मूल आजार पसरवत असतं आणि बंद खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो.

‘लस दिली होती, मग गोवर कसा?’ असंही विचारलं जातं. नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिलेल्या एका डोसाने शंभरांतली साधारण 85 मुलंच सुरक्षित होतात. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो, आणि स्थलांतरात नेमका तोच हुकतो.

सर्वांत घातक समज म्हणजे देवीचा फेरा आहे, औषध द्यायचं नाही, खाणं तोडायचं. श्रद्धेशी भांडण नाही, भगताला बोलवायचं तर बोलवा. पण आधीच अशक्त मुलाचं अन्न तोडू नका. अंगावरचं दूध, पेज, डाळ चालू ठेवा. लागोपाठ दोन दिवस दिलेले ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस डोळे आणि जीव वाचवतात. ते आरोग्य केंद्रातून वयानुसार, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे असतात. श्वास भरभर चालला, मूल दूध ओढेना किंवा सुस्त पडलं, तर मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय गाठा, पुरळ उठायची वाट पाहू नका. आणि भट्टीवर निघताना पोराचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या, दुसरा डोस तिथल्या सरकारी केंद्रातही फुकट मिळतो.